गोलगोंड्याचा डबा आणि मी

माझे पूर्ण नाव दशगुणी तिहेरी काचेचे घडीचे भिंग असे आहे आणि माझे वय त्र्याहत्तर वर्षे आहे. लोक मला नुसते 'काच' म्हणतात. चर्चमधील एका बाईंनी तर मला लॉकेट समजून, आत कोणाचा फोटो आहे ते पाहण्यासाठी उघडले होते. अशा गोष्टींचा आता मला राग येत नाही, कारण रागाला जी उमेद लागते ती माझ्यात उरलेली नाही. परंतु जे सांगावयाचे ते क्रमाने आणि योग्य शब्दांत सांगावे, हा आग्रह मी अद्याप सोडलेला नाही.

पूर्वेकडील एका थंड शहरातील कारखान्यात माझा जन्म झाला. तीन काचा घासून, एकमेकींना चिकटवून कड्यात बसविल्या आणि वर पितळी पत्र्याचे झाकण खिळ्याने जोडले. एकाच काचेतून पाहिले तर वस्तूच्या कडेला निळ्या-तांबड्या झालरी दिसतात. दुसरी आणि तिसरी काच पहिलीची ती खोड मोडतात. माणसांच्या कुटुंबांतही हीच व्यवस्था असते, असे मला पुढे आढळून आले.

माझे पहिले मालक कॅन्ससमधील एका लहान गावात घड्याळे दुरुस्त करीत असत. त्यांच्या डोळ्याशी राहून, दाते आणि केसाएवढ्या स्प्रिंगा यांपलीकडे जग नाही, असे मला वाटू लागले होते. ते वारल्यावर त्यांच्या विधवेने मला प्रार्थनेच्या जाड जर्मन पुस्तकावर फिरविले. त्या जुन्या टोकदार लिपीतील एखादा आखूड शब्दच माझ्या वर्तुळात एका वेळी मावे. लांब शब्दाचे शेपूट दिसेपर्यंत त्याचे डोके नाहीसे झालेले असे. मी वाचावयास शिकलो तो असा. शाळा नाही, गुरू नाही. दोन भाषांतील अक्षरे मी स्वतःच्या बळावर जोडली आहेत, आणि याचा मला अभिमान आहे हे लपविण्याचे कारण नाही.

त्या बाई गेल्या तेव्हा घरच्या सामानाचा लिलाव झाला. आमच्याकडे असा लिलाव म्हणजे निम्मी जत्रा असते. गवताच्या गाड्यांवर सामान मांडतात, चर्चच्या बायका एका टेबलावर चेरी भरून भाजलेले 'पाय' नावाचे गोड पदार्थ विकतात, आणि मृताच्या घरातील भांडी न्याहाळत शेजारी त्याच्याविषयी चार बरे शब्द बोलतात. मी एका खोक्यात पडलो होतो. सोबत गंजलेल्या किल्ल्या, अर्धवट मेणबत्त्या आणि पुष्कळशी बटणे होती. व्हर्नाबाई एडिगर यांनी ते खोके बटणांसाठी घेतले. मी आपला वर फुकट आलो.

मात्र त्यांनी मला पाण्याने धुतले, मऊ फडक्याने पुसले, बुटाच्या नाडीत ओवले आणि गळ्यात घातले. दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडीवर होतो. सर्वस्वी निरुपयोगी आणि अतिशय सुंदर अशी एखादी गोष्ट मला तोवर कोणी दाखविलेली नव्हती. व्हर्नाबाईंनी त्या दिवशी फूल दाखविले.

एडिगरांची जमीन फ्लिंट टेकड्यांच्या पश्चिम अंगाला आहे. खाली गवताचे कुरण आहे. त्यात नांगर कधीच गेलेला नाही. वर चुनखडीचा कणा आहे आणि तेथे माती बोटभरसुद्धा नाही. या दोन्ही ठिकाणी क्लोव्हर नावाचे माळावरचे फुलझाड उगवते, परंतु ते एकाच जातीचे नव्हे. व्हर्नाबाई त्याचे तीन भाऊ मानीत आणि त्यांना त्यांनी स्वतःच नावे दिली होती: जांभळा, पांढरा आणि गोलगोंड्या.

जांभळ्याची ओळख कोणालाही पटते. त्याच्या लांबट गोंड्यावर फुलांचे कडे तळापासून वर चढत जाते, आणि त्या जांभळ्यातून केशरी तुरे डोकावतात. फुले गळून गेली तरी फुलांखालचे पेले मखमलीसारखे लवदार राहतात. खरा घोळ उरलेल्या दोघांचा. दोघांचीही फुले पांढरी. पांढरा खाली कुरणात राहतो, त्याची दांडी सरळ आणि गोंडा बोटासारखा लांब. गोलगोंड्या वर खडकात राहतो, एका बुडख्यापासून झुडपासारखा पसरतो, आणि त्याचे गोंडे मोठ्या वाटाण्याएवढे गोल. एवढे ऐकून एखाद्याला वाटेल की लांब तो पांढरा आणि गोल तो गोलगोंड्या. येथेच माणसे फसतात.

कारण आमच्याकडे जुलैत गवत कापतात. कापलेला पांढरा मरत नाही. जखमेपाशी चार फुटवे काढून तो झुडपासारखा होतो, आणि ऋतू संपत आल्यामुळे त्याचे गोंडे लांबावयाच्या आधीच थांबतात. आखूड आणि गोल. सप्टेंबरात कापल्या कुरणातला पांढरा हा गोलगोंड्याचे सोंग घेऊन उभा असतो. ज्या प्रांतात गवत कापत नाहीत तेथे ही चूक कोणाच्या हातून होणार नाही.

सोंग ओळखण्यासाठी मी होतो. पांढऱ्याच्या प्रत्येक पेल्याखाली एक बारीक खवला असतो आणि त्याचे टोक सुईसारखे पेल्याच्या वर निघते. बरेच खवले वाळून गळतात, पण गोंड्याच्या बुडाशी एखादा तरी टिकून राहतो. गोलगोंड्याचा खवला आखूड असतो, त्याला असे टोक नसते. पांढऱ्याची पर्णिका, म्हणजे पानाची एकेक पाती, सपाट आणि जरा रुंद, तर गोलगोंड्याची अरुंद आणि मिटल्यासारखी. व्हर्नाबाई म्हणत, "कापल्या कुरणात जे गोल दिसतं, ते गोल नसतं." वॉल्डो, म्हणजे त्यांचा नवरा, हे वाक्य पुढे सगळ्यांना ऐकवी.

आजूबाजूच्या टेकड्यांवरचा गोलगोंड्या तणनाशकाच्या फवाऱ्याने नाहीसा झाला होता. एडिगरांच्या कण्यावर तो राहिला. व्हर्नाबाईंनी दर शरदात त्याचे गोंडे खुडले, वाळविले, चाळणीवर चोळले आणि दाणे झाकणाच्या जस्ती डब्यात ठेवले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या डब्यातून बी मिळे. दर वर्षी थोडे नवे बी डब्यात घालावे लागे, कारण बी जुने झाले की त्याचा जीव जातो. त्या डब्याचा नियम एकच होता: माझ्याखालून गेल्याशिवाय एकही गोंडा आत जावयाचा नाही. दाणे चोळून निघाले की खवला राहत नाही, पान राहत नाही. तिळाहून लहान, पिवळसर दाणे, दोघांचेही सारखे. एकदा मिसळले की ब्रह्मदेवालाही वेगळे करता येणार नाहीत.

व्हर्नाबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या दफनविधीहून आल्यावर वॉल्डोने मला खुंटीवरून काढून गळ्यात घातले आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. वॉल्डोला मी एकेरी संबोधतो. त्यात अनादर नाही. इतकी वर्षे त्याच्या छातीवर लटकून काढल्यावर तेवढा हक्क मला पोहोचतो.

तोही चांगला पाहणारा होता. मला डोळ्याशी धरावे आणि फूल माझ्याजवळ आणावे, हे त्याला कधी सांगावे लागले नाही. त्याची बुबुळे माझ्यामागे येऊन स्थिरावत. भिंगाला ते स्थिरावणे कळते. स्वार नीट बसला की घोड्याला कळावे, तसे.

दोन हिवाळ्यांपूर्वी ते स्थिरावणे बंद झाले.

डोळा येई, पण माझ्या मध्यातून पाहत नसे. तो कडेला सरके, कड्याच्या पितळेकडे बघे, पुन्हा परते. काही दिवस मला वाटले, माझ्यातच दोष आला. माझ्या तीन काचांमधला चीक एका बाजूने पिवळा पडला आहे, ते खरे आहे. परंतु दोष माझा नव्हता. वॉल्डोच्या दृष्टीचा मध्य विझत चालला होता. कडा शाबूत होत्या. त्याला गोठा दिसे, रस्ता दिसे, माणसाचा आकार दिसे. ज्याच्याकडे तो थेट पाही तेवढेच दिसत नसे.

हे त्याने कोणाला सांगितले नाही. सांगण्याचा परिणाम काय होईल ते त्याला पुरते ठाऊक होते. त्याच्या घरापासून डांबरी रस्ता लांब, गाव त्याहून लांब. गाडीची किल्ली गेली की घर गेले, आणि घर गेले की गावातल्या वृद्धाश्रमात खोली. त्याची थोरली बहीण ऑर्फा विबे तेथे राहावयास गेलीच होती, आणि शेजारची खोली रिकामी झाली की ती न चुकता कळवी. म्हणून वॉल्डो पाठ असलेली स्तोत्रे पुस्तक उघडून म्हणे, आणि गोंडा हातात आला की मला डोळ्याशी नेई, मान किंचित वळवी, "हं" म्हणे आणि निकाल देई. माणसांची एक सवय मी पाहिली आहे. कृती रुबाबात झाली की परिणाम कोणी तपासत नाही.

गेल्या वर्षी वसंतात पाऊस कमी झाला. गवत थोडे आले. शेजारचा मर्ल पेनर दर वर्षी वॉल्डोचे कुरण कापून देतो. या खेपेस तो वॉल्डोला विचारूनच यंत्र थेट कण्याच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेला. सप्टेंबरात वॉल्डो पिशवी घेऊन चढला. कापलेले कोठे संपते आणि न कापलेले कोठे सुरू होते, ते त्याच्या डोळ्यांना कळले नाही. पायथ्याशीच त्याला झुडपे दिसली, गोल गोंडे दिसले. त्याने एक खुडून माझ्यापुढे धरला. मी पाहिला. बुडाशी दोन सुया उभ्या होत्या, उन्हात चमकत होत्या.

"गोल," वॉल्डो म्हणाला.

मी दाखवितो. बोलणे माझ्या रचनेत नाही.

दोन पिशव्या भरल्या. एक वाळली तशी त्याने शुक्रवारी चाळणीवर चोळली आणि डब्यात ओतून हाताने ढवळली. दुसरी शेडमध्ये खिळ्याला टांगली. त्या दोन दिवसांत मला जो शीण आला तो याआधीच्या सगळ्या वर्षांत आला नव्हता.

रविवारी दुपारी फास्पाला, म्हणजे थंड फराळाला, ऑर्फा आणि मर्ल आले. रविवारच्या दुपारी कोणी स्वयंपाक करीत नाही. कॉफी, चीज, जाम, आणि शनिवारी भाजलेले झ्वीबाक, म्हणजे मोठ्या पावाच्या डोक्यावर लहान पाव बसविलेले. मर्ल पत्र्याचा रिकामा डबा हातात घेऊनच आला होता. त्याच्या टेकडीच्या माथ्यावर पाण्याचा नळ टाकण्यासाठी चर खणला होता, आणि त्या उघड्या पट्टीवर त्याला गोलगोंड्या पेरावयाचा होता. चर्चमधल्या आणखी दोन घरांसाठीही तोच बी नेणार होता.

"टांटे ऑर्फा, या पावाचं डोकं कुठे गेलं?" मर्लने विचारले. तो वॉल्डोला ओंकेल आणि ऑर्फाला टांटे म्हणतो, कारण आमच्या चर्चमध्ये प्रत्येक म्हातारा कोणाचा ना कोणाचा काका असतोच.

"भट्टीत पडलं. तुझं आहे ना जागेवर? मग खा मुकाट्याने."

वॉल्डोने कॉफी ओतली.

"कपात ओततोयस की बशीत, ते एकदा ठरव," ऑर्फा म्हणाली.

"बशीतून प्यायची सवय आहे मला. बाबाही बशीतूनच प्यायचे."

"बाबा आधी कपात ओतायचे."

"तुझं लक्ष माझ्या बशीत कशाला?"

"टेबलक्लॉथ मी धुते म्हणून."

मर्ल हसला आणि पवनचक्कीचा पंप का घरघरतो ते पाहावयास बाहेर गेला. बी नेण्याआधी उरलेली पिशवीही चोळून टाकू, म्हणून बहीणभाऊ शेडमध्ये आले. ऑर्फा उलट्या बादलीवर बसली आणि चाळणी मांडीवर घेतली. वॉल्डोने पिशवीतून गोंडा काढला, मला डोळ्याशी नेले, अंगठ्याचा नेहमीचा हिसका दिला आणि मान वळविली.

"गोल. घे."

ऑर्फाने घेतला नाही. माझा खिळा हल्ली घट्ट झाला आहे. अंगठा फिरला होता, पण मी उघडलो नव्हतो. पितळी झाकणाच्या आत, संपूर्ण अंधारात बसून मी तो निकाल ऐकला.

"वॉल्डो, ते बंद आहे."

"काय?"

"भिंग. उघडलंच नाहीस तू."

त्याने चाचपले आणि मला उघडले. "बंद असतानाही गोलच होतं ते," तो म्हणाला.

ऑर्फा हसली नाही. "कधीपासून?"

"कधीपासून काय?"

"बशी, टेबलक्लॉथ, आणि परवा मला हाक मारलीस व्हर्ना म्हणून. मी म्हटलं आठवण झाली असेल. कधीपासून?"

त्याने मान चाळणीकडे वळविली. "मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "कडेचं दिसतं. तुझे केस दिसतात. तोंड नाही दिसत."

"तोंड बघण्यासारखं राहिलंही नाहीये. पुढे बोल."

"पुढे काही नाही."

"मग हा गोल आहे हे तुला कसं कळलं?"

त्याने मला गळ्यातून काढले आणि तिच्या हातात दिले. व्हर्नाबाई गेल्यापासून प्रथमच वॉल्डोने मला दुसऱ्याच्या हाती दिले. ऑर्फाने मला हातभर लांब धरले, म्हणजे सगळे अडाणी धरतात तसेच.

"डोळ्याला लाव," वॉल्डो म्हणाला. "आणखी जवळ. पापणी घासली पाहिजे. आता फूल आण. हळू. श्वास रोखून धर."

"या वयात श्वास रोखायला सांगतोस," ती पुटपुटली, आणि तिने श्वास रोखला.

वृद्ध डोळा होता, पाण्याने भरलेला, पण तो स्थिरावला. मी होते नव्हते तेवढे सगळे दाखविले.

"अगं बाई," ऑर्फा म्हणाली. "हे तर सबंध घरच आहे."

"काय दिसतं?"

"पेले आहेत. लहान लहान. कडा कातरल्यासारख्या."

"त्याखाली? पेल्याच्या बुडाशी काही उभं आहे? टोक?"

"टोक कसलं?"

"सुईसारखं. पेल्याच्या वर येणारं."

"एक आहे. नाही, दोन. पार वर गेलीयत."

"दुसरा गोंडा घे."

तिने घेतला. "याला पण आहे. एकच, पण आहे."

"पान कसं आहे? मिटलेलं की सपाट?"

"सपाट. दिसायला बरं आहे."

"दांडीच्या खाली बघ. कापलेली आहे?"

"हो. तिरपी. आणि तिथूनच हे फुटलेत चौघं."

हे बघा, एकाला ज्ञान होते आणि दृष्टी नव्हती. दुसरीला दृष्टी होती आणि आपण काय पाहतो आहोत याचा पत्ता नव्हता. दोघांच्या मध्ये मी होतो. आयुष्यात मी इतके काम एका वेळी कधी केले नसेल.

वॉल्डो भिंतीला टेकला. "पांढरा आहे," तो म्हणाला.

"बरं मग. पांढरा वेगळा ठेवू. त्यात काय एवढं?"

"शुक्रवारी एक पिशवी डब्यात गेली."

"निवडून काढू. मला दिसतंय अजून."

"दाण्याला टोक नसतं, ऑर्फा."

तिला ते कळावयास जरा वेळ लागला. कळल्यावर तिने फळीवरच्या जस्ती डब्याकडे पाहिले. मीही पाहिले. त्यात व्हर्नाबाईंनी एकेक गोंडा माझ्याखाली धरून साठविलेल्या रोपांचा वंश होता.

बाहेर पवनचक्कीची घरघर थांबली. मर्ल कोणत्याही क्षणी आत येणार होता.

"मर्लला सांगायची गरज नाही," वॉल्डो हळूच म्हणाला. "फुलायला तीन वर्षं लागतात. तोवर मी कुठे असेन कोण जाणे. आणि वर खडकात पांढरा आला तरी कोण बघतोय? आता बघणारं कोणी राहिलंय का?"

"किल्ली जाईल म्हणून?"

"तुझी ती खोली मला नको आहे."

"मलाही माझी नको होती." ऑर्फाने मांडीवरची चाळणी खाली ठेवली. "मी मर्लला काही सांगणार नाही. मला काय येतं सांगायला? सुया दिसल्या एवढंच म्हणेन. त्या सुयांचा अर्थ तुला कळतो, मला नाही."

मला जर त्या क्षणी काही मागता आले असते तर मी काय मागितले असते, ते मला सांगता येत नाही. तो गप्प राहिला असता तर मी त्याच्या गळ्यात राहिलो असतो, बंद काय आणि उघडा काय. मला त्याची छाती सोडावयाची नव्हती. तीन टेकड्यांवर खोटा क्लोव्हर फुलावा, असेही मला वाटत नव्हते. एवढ्या वयात दोन गोष्टी एकदम हव्याशा वाटू नयेत.

मर्ल आपला पत्र्याचा डबा वाजवीत आत आला.

"पंपाला तेल हवंय, बाकी ठीक. काढू का बी, ओंकेल? दोन मुठी पुरे माझ्यापुरत्या."

"नको काढूस," वॉल्डो म्हणाला.

"का? कमी आलंय का यंदा?"

"त्यात पांढरा पडलाय."

मर्लने डब्याचे झाकण धरलेला हात मागे घेतला. "डब्यात? कोणी टाकला?"

"मी."

"तुम्ही? भिंग न लावता?"

"भिंग लावलं होतं," वॉल्डो म्हणाला. "दिसत नव्हतं."

वॉल्डोने कडेने मर्लकडे पाहिले. तेवढाच त्याला दिसत होता.

"हं," मर्ल म्हणाला. "म्हणजे एप्रिलमध्ये माझी टपालपेटी तुम्हीच पाडलीत."

"बर्फ काढायच्या गाडीने पाडली असेल."

"एप्रिलमध्ये?"

"तुला कळलं होतं तर बोलला का नाहीस?"

"काय बोलू? खांबाला तुमच्या गाडीचा हिरवा रंग लागला होता. बायको म्हणाली, सांग. मी म्हटलं, म्हाताऱ्याला स्वतः सांगू दे. मी नवा खांब रस्त्यापासून दोन हात आत रोवला."

"आणि मला गाडी चालवू दिलीस, सहा महिने," वॉल्डो म्हणाला. त्याच्या स्वरात पहिल्यांदा राग होता. "रस्त्यावर तुझी नातवंडं असतात."

मर्लची मान खाली गेली. ऑर्फा उठली, तिने भावाच्या कोटाच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि मर्लला दिली. वॉल्डोने तिला अडविले नाही. ती म्हणाली, "आता कॉफी प्यायला चला. थंड झाली असेल. आणि मी ओतणार."

त्याच आठवड्यात डबा खाली कुरणात रिकामा केला. मर्ल विचारीत होता, हे बी जाळून का टाकावयाचे नाही. वॉल्डो म्हणाला, "पांढरा तिथलाच आहे. त्याचा काही गुन्हा नाही. गोलगोंड्या खालच्या मातीत तगणार नाही, ते माझं नुकसान." मग त्याने स्वतः मुठीने बी उधळले. रिकामा डबा त्याने फडक्याने पुसला, तेव्हा त्याचा हात आत फार वेळ फिरत राहिला.

नंतर आम्ही तिघे कण्याच्या अगदी माथ्यावर गेलो, जेथे कोणतेही यंत्र पोहोचत नाही. ऑर्फाला दोन वेळा बसावे लागले. तिने मला डोळ्याशी धरले आणि वॉल्डो बाजूला उभा राहून एकेक विचारीत गेला. बहुतेक गोंडे वाऱ्याने झडले होते. जेवढे उरले होते तेवढे तिने पाहिले, त्याने ठरविले, आणि ज्यावर दोघांचे एकमत होईना तो गोंडा त्यांनी खाली टाकून दिला. एका गोंड्यावरून पुष्कळ वाद झाला.

"गोल आहे म्हणते ना मी."

"तू काय पाहिलंस ते सांग. काय आहे ते मी सांगतो."

"साठ वर्षांपूर्वीही तू असाच होतास," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा पाहिले.

ज्याच्या डोळ्याशी भिंग आहे त्याला दिसतच असेल, असे कृपया गृहीत धरू नका. त्याला काय दिसते ते विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. माझी काच कडेने पिवळी होत चालली आहे. हा डाग मध्यावर येईल तेव्हा मलाही कोणी विचारावे, एवढीच माझी इच्छा आहे. मी खरे ते सांगेन. मी आता फार थकलो आहे, आणि आणखी सांगावे असे काही राहिलेले नाही.

त्या शरदानंतर वॉल्डो एडिगरने गाडी चालविलेली नाही. डिसेंबरात तो गावात ऑर्फाच्या शेजारच्या खोलीत राहावयास गेला. डब्यात सध्या मूठभरच बी आहे; दर शरदात त्यात भर पडेल, परंतु पुढील तीन वर्षे ते कोणालाही दिले जाणार नाही. मी ऑर्फाच्या गळ्यात आहे. मर्लने माझ्या खिळ्याला तेल घातले.